जुन्या ब्राउझरला किती दिवस सांभाळायचं?

मागच्या व्याख्यानात आपण वेबपान सर्व्हरवरून निघून आपल्यापर्यंत कसं येतं ते पाहिलं. आज त्या प्रवासाच्या शेवटच्या मुक्कामाविषयी, म्हणजे ब्राउझरविषयी बोलायचं आहे. त्यातही नव्या ब्राउझरविषयी नाही, तर जुन्या, मागे राहून गेलेल्या ब्राउझरविषयी. संकेतस्थळ बनवणाऱ्यानं त्याची काळजी करावी का, आणि करावी तर किती, हा आजचा विषय.

आधी आमचीच एक फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही एका वसतिगृहासाठी ऑनलाइन प्रवेशअर्जाचं पान तयार केलं. पान देखणं होतं. आमच्या लॅपटॉपवर, आमच्या फोनवर, संस्थेच्या कार्यालयातल्या संगणकावर सगळं झकास चाललं. मुदत संपायच्या आदल्या दिवशी एक गृहस्थ मुलीला घेऊन एसटीनं थेट कार्यालयात हजर झाले. म्हणाले, "साहेब, तीन दिवस झाले, सगळी माहिती भरतो, पण 'अर्ज पाठवा' दाबलं की काहीच होत नाही. चूक आमची होते का काही?"

चूक त्यांची नव्हती, आमची होती. त्यांचा फोन जुना, त्यातला ब्राउझर जुना. आमच्या पानावरचं ते बटण दिसायला बटण होतं, पण प्रत्यक्षात तो एक रंगवलेला चौकोन होता. दाबल्यावर काय करायचं हे सगळं जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेलं. त्या जावास्क्रिप्टमध्ये आम्ही एका ओळीत प्रश्नचिन्ह आणि टिंब जोडून लिहायची नवी सोय वापरली होती. क्रोममध्ये ती २०२० साली, ८० व्या आवृत्तीत आली. त्यांच्या फोनमधला क्रोम त्याच्या आधीचा. एका ओळीतल्या दोन चिन्हांपायी त्या मुलीचा अर्ज तीन दिवस अडून राहिला. आणि वाईट गोष्ट ही, की पडद्यावर चूक झाल्याची एक ओळसुद्धा उमटली नाही. बटण नुसतं मुकं होतं.

ते गृहस्थ आले म्हणून आम्हाला कळलं. जे आले नाहीत, त्यांचं काय? हा प्रश्न तेव्हापासून आमच्या मानेवर बसलेला आहे.

जुना ब्राउझर नेमका कुठं अडतो?

वेबपान तीन भाषांत लिहिलेलं असतं, हे आपण मागं पाहिलं. मजकूर आणि त्याची रचना एचटीएमएलमध्ये, दिसणं सीएसएसमध्ये, आणि हालचाल, म्हणजे दाबलं की काय व्हावं ते, जावास्क्रिप्टमध्ये. या तिघींचा एक स्वभावभेद आहे. तो नीट समजला की आजचा निम्मा विषय समजला.

एचटीएमएल ही फार सोशिक भाषा आहे. समजा तुम्ही पानात एक नवी खूण वापरली आणि ब्राउझरनं ती आयुष्यात कधी पाहिलेली नाही. तो काय करतो? खुणेकडे दुर्लक्ष करतो आणि आतला मजकूर दाखवून मोकळा होतो. घरातली आजी पत्र वाचताना एखादा इंग्रजी शब्द आला तर तो सोडून पुढं वाचते ना, तसंच. पत्राचा अर्थ कळतो, काम भागतं.

सीएसएसही तशीच. न कळलेली सूचना ती टाकून देते आणि पुढच्या सूचनेकडे वळते. याचा एक मोठा फायदा आहे. एकाच गोष्टीच्या दोन सूचना एकाखाली एक लिहायच्या, आधी साधी, मग नवी. जुना ब्राउझर पहिली घेतो, दुसरी त्याला कळतच नाही. नव्याला दोन्ही कळतात, आणि नंतरची आधीच्या सूचनेवर मात करते. म्हणजे काही युक्ती न लढवता दोघांचंही समाधान झालं.

जावास्क्रिप्टचा स्वभाव मात्र उलटा. ती कार्यक्रमाची भाषा आहे. फाइलमध्ये व्याकरणाची एक जरी न कळणारी खूण आली, तरी ब्राउझर ती अख्खी फाइल बाजूला ठेवतो. चूक पाचशेव्या ओळीत असली तरी पहिली ओळसुद्धा चालत नाही. पिठाच्या गिरणीचा पट्टा तुटला की सगळी गिरणी बंद, तसा प्रकार. आमचं बटण मुकं झालं ते याच कारणानं.

मग साधा निष्कर्ष निघतो बघा. जे काम झालंच पाहिजे, ते सोशिक भाषांच्या भरवशावर उभं करावं. नाजूक भाषेवर फक्त सोयी ठेवाव्यात, गाभा ठेवू नये. हे सूत्र लक्षात राहू द्या, शेवटी आपण इथंच परत येणार आहोत.

एका ब्राउझरचं लांबलेलं आयुष्य

आता थोडा इतिहास. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात मोझेक नावाचा ब्राउझर तयार झाला आणि वेब सामान्य माणसापर्यंत पोचू लागला. १९९४ च्या अखेरीस नेटस्केप आला. १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टनं इंटरनेट एक्सप्लोरर बाजारात आणला. पुढची पाच-सहा वर्षं दोघांची अशी काही झुंज लागली, की दोघंही रोज नवी स्वतःची खास सोय काढायचे आणि दुसऱ्याकडे ती नसायची. संकेतस्थळं बनवणाऱ्यांना एकच पान दोनदा करावं लागे. या जाचाला कंटाळून १९९८ मध्ये काही जाणकारांनी 'वेब स्टँडर्ड्स प्रोजेक्ट' नावाची चळवळ सुरू केली. मागणी एकच: सगळ्या ब्राउझरांनी ठरलेले समान नियम पाळा.

ऑगस्ट २००१ मध्ये इंटरनेट एक्सप्लोररची सहावी आवृत्ती आली. विंडोज एक्सपीबरोबर ती जगभरच्या संगणकांत जाऊन बसली. नेटस्केप तोवर हरलेला होता. आता स्पर्धकच उरला नाही म्हटल्यावर काम थंडावलं. सातवी आवृत्ती यायला ऑक्टोबर २००६ उजाडलं. पाच वर्षं! आज ब्राउझरची नवी आवृत्ती काही आठवड्यांनी येते, त्या हिशेबानं बघा म्हणजे हा काळ किती लांब ते कळेल.

गंमत अशी, की आला तेव्हा हा सहा नंबरचा ब्राउझर वाईट नव्हता. जग पुढं गेलं आणि तो तिथंच राहिला. त्याला पारदर्शक पीएनजी चित्र नीट दाखवता येत नसे, पारदर्शक भागात राखाडी छटा यायची. डावीकडे तरंगत ठेवलेल्या चौकोनाला तुम्ही दहाचा समास दिलात, तर काही वेळा तो वीसचा करायचा. माउस वर नेल्यावर रंग बदलणं फक्त दुव्यांवर चालायचं, बाकी कशावर नाही. त्या काळात वेबचं काम केलेल्या कुणालाही विचारा, यातला एकेक दोष आणि त्यावरचा तोडगा त्यांना अजून तोंडपाठ असेल.

एक दोष मात्र न्यायाचा विचार करून सांगितला पाहिजे. पाचव्या आवृत्तीत चौकोनाची रुंदी मोजताना आतली मोकळी जागा आणि कडा धरूनच रुंदी मोजली जाई. प्रमाणित नियमात ती वेगळी मिळवायची असे. त्यावरून मायक्रोसॉफ्टला पुष्कळ बोलणी बसली. पुढं सीएसएसमध्येच दोन्हींपैकी हवी ती पद्धत निवडायची सोय आली, आणि आज बहुतेक जण पहिल्याच ओळीत कोणती निवडतात? तीच जुनी, चुकीची म्हणवली गेलेली! तेव्हा जुनं म्हणजे सगळंच टाकाऊ असं समजू नये.

२००४ मध्ये फायरफॉक्सची पहिली आवृत्ती, २००८ मध्ये क्रोम. हळूहळू पारडं फिरलं. जुलै २००९ पासून यूट्यूबनं सहाव्या आवृत्तीच्या वापरकर्त्यांना नवा ब्राउझर घ्या म्हणून पाटी दाखवायला सुरुवात केली, मार्च २०१० मध्ये आधार काढून घेतला. त्याच महिन्यात अमेरिकेत डेन्व्हरच्या एका डिझाइन कंपनीनं या ब्राउझरची चक्क अंत्ययात्रा काढली आणि मायक्रोसॉफ्टनं त्याला फुलं पाठवली! मार्च २०११ मध्ये तर मायक्रोसॉफ्टनंच स्वतःच्या ब्राउझरचा वापर जगात एक टक्क्याच्या खाली आणायची मोहीम उघडली. दहा वर्षांपूर्वी आपणच विकलेली वस्तू लोकांनी सोडावी म्हणून कंपनी हात जोडते आहे, असं चित्र क्वचितच दिसतं. सगळ्यांत जास्त वापर तेव्हा चीनमध्ये होता.

इंटरनेट एक्सप्लोररची शेवटची, अकरावी आवृत्ती निवृत्त झाली १५ जून २०२२ ला. तीही पुरती नाही. एज या नव्या ब्राउझरच्या पोटात जुन्या संकेतस्थळांसाठी एक 'आयई मोड' ठेवलेला आहे आणि तो निदान २०२९ पर्यंत चालेल असं मायक्रोसॉफ्टनं सांगितलेलं आहे. कारण कितीतरी कचेऱ्यांतलं अंतर्गत काम अजून त्या जुन्या पद्धतीवर अवलंबून आहे.

लोक जुनं का सोडत नाहीत?

आपल्या क्षेत्रातल्या तरुण मंडळींचा एक आवडता समज असतो. लोक आळशी आहेत, ब्राउझर बदलत नाहीत, त्यांच्यासाठी आपण का झिजायचं? या समजाला दक्षिण कोरियाची गोष्ट हे उत्तम उत्तर आहे.

नव्वदच्या दशकात अमेरिकेनं भक्कम सांकेतिकीकरण असलेल्या सॉफ्टवेअरच्या निर्यातीवर बंधनं घातली होती. बाहेरच्या देशांना मिळणाऱ्या ब्राउझरमध्ये कच्चं कुलूप असायचं. कोरियाला तर ऑनलाइन बँकिंग सुरू करायचं होतं. त्यांनी 'सीड' नावाची स्वतःची १२८ बिटांची पद्धत तयार केली आणि ती ब्राउझरमध्ये बसवायला मायक्रोसॉफ्टचं अॅक्टिव्हएक्स हे जोडयंत्र वापरलं. १९९९ चा तो निर्णय त्या वेळी शहाणपणाचाच होता. पण अॅक्टिव्हएक्स फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्ये चालतं. बँक, सरकारी दाखले, खरेदी, सगळं त्या प्रमाणपत्राला जोडलं गेलं आणि अख्खा देश एका ब्राउझरला बांधला गेला. अमेरिकेनं निर्यातीची बंधनं पुढं लवकरच सैल केली, तरी ती गाठ सुटली नाही. त्या प्रमाणपत्राचं सरकारी विशेष स्थान संपलं डिसेंबर २०२० मध्ये. २०२२ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर निवृत्त झाला, तेव्हा तिथल्या एका अभियंत्यानं त्याच्यासाठी खरोखरची थडग्याची शिळा बनवून घेतली. ती जगभर गाजली.

आता सांगा, कोरियातला सामान्य माणूस आळशी होता का? त्याला ब्राउझर सोडता येत नव्हता, कारण संकेतस्थळं बनवणाऱ्यांनी त्याला सोडू दिलं नाही.

आणि आपण तरी काय वेगळं केलं? २००० च्या आसपासची मराठी संकेतस्थळं ज्यांनी पाहिलीत त्यांना आठवेल. प्रत्येकाचा फाँट वेगळा, त्यातली अक्षरांची मांडणीही वेगळी. तो फाँट वाचकाच्या संगणकात नसेल तर? मग 'डायनॅमिक फाँट' नावाची सोय वापरली जाई. त्यातला मायक्रोसॉफ्टचा प्रकार फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्ये चालायचा. दुसऱ्या ब्राउझरमध्ये तेच पान उघडलं की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा! फायरफॉक्स वापरणाऱ्यांसाठी 'पद्मा' नावाचं एक जोडपत्र होतं, ते अशा फाँटांतला मजकूर युनिकोडमध्ये बदलून दाखवायचं. म्हणजे मराठी वाचायची तर एकतर ठरावीक ब्राउझर घ्या, नाहीतर खटपटी करा. पानाच्या तळाशी 'हे संकेतस्थळ अमुक ब्राउझरमध्ये उत्तम दिसेल' अशी पाटी असायची. ती पाटी म्हणजे, खरं सांगायचं तर, दारावर 'फक्त सभासदांसाठी' लिहिण्यासारखं होतं.

युनिकोड आलं तरी लगेच सुटका झाली नाही. विंडोज एक्सपीमध्ये देवनागरी नीट दिसायला नियंत्रण कक्षात जाऊन एक खूण करावी लागे आणि बरेचदा एक्सपीची सीडी मागितली जाई. पुढं फोन आले. अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत मराठीच्या जागी रिकामे चौकोन दिसायचे. तेव्हा ऑपेरा मिनीच्या खास सेटिंगच्या पानावर जाऊन गुंतागुंतीच्या लिप्यांसाठी चित्ररूप अक्षरं वापरायचा पर्याय चालू करायची युक्ती तोंडोतोंडी पसरली होती. मग मजकूर ऑपेराच्या सर्व्हरवर चित्र बनून फोनवर यायचा. आपल्यातल्या अनेकांनी पहिल्यांदा फोनवर मराठी वाचली ती या आडवाटेनं. तेव्हा मागे राहिलेल्या यंत्रावर अडकणं म्हणजे काय, हे मराठी वाचकाला वेगळं शिकवायला नको.

आजचा जुना ब्राउझर खिशात आहे

इंटरनेट एक्सप्लोरर गेला म्हणजे प्रश्न मिटला का? नाही. तो टेबलावरून उठून खिशात गेला.

आयफोनमध्ये ब्राउझरचं इंजिन फोनच्या मूळ प्रणालीबरोबरच येतं. अॅपलच्या नियमानुसार वर्षानुवर्षं तिथं क्रोम घेतला काय नि फायरफॉक्स घेतला काय, आत इंजिन सफारीचंच. २०२४ पासून युरोपीय संघात हा नियम सैल झाला. म्हणजे फोनला नवी प्रणाली मिळणं बंद झालं की त्यातला प्रत्येक ब्राउझर तिथंच थांबतो. अँड्रॉइडवर क्रोम वेगळा अद्ययावत होतो, पण त्यालाही हद्द आहे. ११९ ही अँड्रॉइड ७ साठीची शेवटची आवृत्ती. संगणकावर विंडोज ७ साठी १०९ ही शेवटची.

आणि २०१७ मध्ये आलेला जिओफोन घ्या. कायओएस प्रणाली, अंकांची कळपाटी, छोटा पडदा. त्यातलं ब्राउझरचं इंजिन फायरफॉक्सच्या ४८ व्या आवृत्तीच्या पिढीतलं, म्हणजे २०१६ चं. सीएसएसची ग्रिड ही मांडणी फायरफॉक्समध्ये ५२ व्या आवृत्तीत आली. म्हणजे तो फोन नवा कोरा विकत घेतला त्या दिवशीच त्यातला ब्राउझर जुना होता.

यातल्या कुणालाही 'कृपया आपला ब्राउझर अद्ययावत करा' ही पाटी दाखवून काय उपयोग? फोन बदलायला पैसे लागतात. कचेरीतल्या संगणकावर नवं काही बसवायचा अधिकार तिथल्या कारकुनाला नसतो. जे माणसाच्या हातात नाही ते त्याला सांगणं म्हणजे भुकेल्याला जेवून ये म्हणण्यासारखं आहे.

वरून खाली की खालून वर?

या प्रश्नाकडे बघायच्या दोन रीती आहेत. पहिली रीत: आधी सगळ्यात नव्या ब्राउझरसाठी पूर्ण थाटाचं पान बनवायचं, मग जुन्यात कुठं मोडतं ते बघून ठिगळं लावायची. दुसरी रीत: आधी कुठंही चालेल असा गाभा बनवायचा, मग ज्यांना झेपेल त्यांना वरच्या सोयी द्यायच्या. या दुसऱ्या रीतीला इंग्रजीत प्रोग्रेसिव्ह एन्हान्समेंट म्हणतात, २००३ मध्ये स्टीव्हन चॅम्पियन यांनी ते नाव रूढ केलं. आपण तिला 'पायरीपायरीनं वाढ' म्हणू.

अर्जाचंच उदाहरण घेऊ. पहिली पायरी, एचटीएमएलचा खरा अर्ज: खरे रकाने, खरं बटण. दाबलं की माहिती सर्व्हरकडे जाते. हे नव्वदच्या दशकातल्या ब्राउझरलाही जमतं. दुसरी पायरी, सीएसएसनं त्याला रूप द्या. तिसरी पायरी, जावास्क्रिप्टनं सोयी द्या: पिनकोड टाकला की जिल्हा आपोआप यावा, चूक असेल तर तिथल्या तिथं सांगावं. वरच्या दोन्ही पायऱ्या निखळल्या तरी अर्ज जातो.

मुंबईहून पुण्याला शिवनेरीही जाते आणि लाल डबाही जातो. एकीत गारवा आहे, दुसरीत खिडकीचा वारा. पण पुण्याला दोघीही पोचतात. आपलं कर्तव्य एवढंच, की तिकीट घेतलेल्या माणसाला लोणावळ्यात उतरवू नये. सगळीकडे पान सारखं दिसलं पाहिजे हा हट्ट सोडा. सगळीकडे काम झालं पाहिजे, हा हट्ट धरा.

बीबीसीच्या मंडळींनी २०१२ मध्ये याची एक सोपी चाळणी सांगितली. पान उघडताच ब्राउझरला दोन-तीन ठरावीक गोष्टी येतात का ते विचारायचं. येत असतील तर पूर्ण थाट द्यायचा, नसतील तर साधं, वाचता येणारं पान. यात महत्त्वाचं हे, की ब्राउझरला 'तुला हे येतं का' असं विचारलं, 'तुझं नाव काय' असं नाही.

कारण नावावर विसंबणं धोक्याचं. आजचा क्रोम सर्व्हरला आपली ओळख सांगताना मोझिला, अॅपलवेबकिट, गेको, सफारी अशी सगळ्यांची नावं घेतो. का? तर जुनी संकेतस्थळं नाव बघून दार उघडायची, म्हणून प्रत्येक नव्या ब्राउझरनं आधीच्याचं नाव लावून घेतलं. ऑपेराची दहावी आवृत्ती आली तेव्हा काही संकेतस्थळं आवृत्तीचा पहिलाच आकडा वाचून तिला एक नंबर समजायची. शेवटी ऑपेराला स्वतःची ओळख ९.८० अशीच सांगत राहावं लागलं!

आणि ही पद्धत फक्त जुन्या ब्राउझरांसाठी आहे असंही नाही. ब्रिटन सरकारच्या डिजिटल विभागानं २०१३ मध्ये आपल्या संकेतस्थळावर मोजून पाहिलं. १.१ टक्के भेटींत जावास्क्रिप्टची सोय पोचत नव्हती. त्यातले ०.२ टक्के लोक असे, की ज्यांच्याकडे जावास्क्रिप्ट बंद होतं किंवा ब्राउझरला येत नव्हतं. उरलेल्या ०.९ टक्क्यांचा ब्राउझर समर्थ होता, तरी फाइल पोचली नाही किंवा चालली नाही. घाटात रेंज गेली, कचेरीच्या जाळ्यानं अडवलं, काहीही. म्हणजे भक्कम पाया घातला तर तो नव्या फोनवाल्यालाही उपयोगी पडतो.

मग रेघ कुठं ओढायची?

इथं सभागृहातून एक प्रश्न आला आहे: "हे सगळं पटतं, पण वेळ आणि पैसा मर्यादित असतो. कधीतरी नाही म्हणावंच लागेल ना?" अगदी बरोबर. त्याचं उत्तर चार मुद्द्यांत देतो.

पहिला मुद्दा सुरक्षिततेचा. इथं तडजोड नाही. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातल्या कुलपाच्या जुन्या पद्धती, टीएलएस १.० आणि १.१, मोठ्या ब्राउझरांनी २०२० मध्ये बंद केल्या. कार्डानं पैसे घेणाऱ्यांना तर पहिली पद्धत जून २०१८ पर्यंत सोडायचीच होती. कुणा एकाचा जुना ब्राउझर चालावा म्हणून सर्वांच्या दाराला कच्चं कुलूप लावता येत नाही. उलट बाजूनंही बघा. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था फुकट प्रमाणपत्रं देते. तिची जुनी साखळी ३० सप्टेंबर २०२१ ला संपणार होती आणि अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्या फोनांना नवी ओळखता येत नव्हती. त्यांनी खास व्यवस्था करून त्या फोनांना आणखी तीन वर्षं दिली. सुरक्षितता न सोडता मुदत वाढवता येत असेल तर ती वाढवावी.

दुसरा मुद्दा, आपले वाचक कोण ते आपल्याच नोंदींत बघा. जगाची आकडेवारी तुमच्या तालुक्याला लागू पडत नाही. पण एक सावधगिरी. भेटी मोजणारी बहुतेक साधनं स्वतःच जावास्क्रिप्टवर चालतात. ज्याचं जावास्क्रिप्ट मोडलं तो माणूस त्यात दिसतच नाही. मग आपण म्हणतो, 'जुन्या फोनवाले येतच नाहीत.' अहो, येतात, पण तुमच्या वहीत त्यांची नोंद होत नाही. त्यासाठी सर्व्हरच्या नोंदी तपासा.

तिसरा मुद्दा, काम किती महत्त्वाचं आहे त्यावर रेघ ठरवा. छायाचित्रांचं प्रदर्शन जुन्या फोनवर साधं दिसलं तर काही बिघडत नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज, रुग्णालयाची वेळ, विजेचं बिल, इथं मात्र एकही माणूस सुटता कामा नये.

चौथा मुद्दा साधनांचा. कोणती सोय कोणत्या आवृत्तीपासून चालते हे 'कॅन आय यूज' या संकेतस्थळावर बघता येतं. २०२३ पासून 'बेसलाइन' नावाची खूणही आली आहे. एखादी सोय सगळ्या प्रमुख ब्राउझरांत येऊन तीस महिने झाले की ती सर्वत्र उपलब्ध मानतात. नवी जावास्क्रिप्ट जुन्या भाषेत उलथून देणारं बेबल आहे. फक्त या पुडक्यांचा भार सगळ्यांवर टाकू नका. जुन्यांसाठीचं ओझं नव्या फोनवाल्यानं का वाहावं? आणि तीस महिन्यांचा नियम हा आधार आहे, शेवटचा शब्द नाही. आमच्या त्या गृहस्थांचा फोन तीस महिन्यांपेक्षा बराच जुना होता.

त्या अर्जाचं पुढं काय झालं ते सांगून थांबतो. त्या दिवशी मुलीचा अर्ज कार्यालयातल्या संगणकावर भरून घेतला. संध्याकाळी आम्ही तो रंगवलेला चौकोन काढून तिथं एचटीएमएलचं खरं बटण ठेवलं आणि रकान्यांना खऱ्या अर्जात गुंडाळलं. काम दोन तासांचंसुद्धा नव्हतं. संस्थेला विनंती करून मुदत आठवडाभर वाढवून घेतली. त्या आठवड्यात जे अर्ज आले त्यांतले काही तसेच जुन्या फोनांवरचे होते, सर्व्हरच्या नोंदींत ते स्पष्ट दिसत होतं. दोन तासांचं काम आधीच केलं असतं तर एसटीचं भाडं, एका दिवसाची मजुरी आणि 'चूक आमची होते का' हा प्रश्न, तिन्ही वाचलं असतं.

तेव्हा पुढच्या व्याख्यानाला येण्यापूर्वी एवढा गृहपाठ करा. घरातल्या कपाटात एखादा जुना फोन पडलेला असेलच. तो चार्ज करा आणि त्यावर तुम्ही बनवलेलं, किंवा तुमच्या संस्थेचं संकेतस्थळ उघडा. नुसतं बघू नका, त्यावर एक काम पूर्ण करून बघा. जिथं अडाल ती जागा लिहून आणा. पुढच्या वेळी आपण त्याच जागांपासून सुरुवात करू.